मिलोस: वारा बघून फिरायचं बेट

मिलोसवर सकाळी उठलं की आधी वारा कुठून वाहतोय ते बघायचं आणि मग दिवस आखायचा. बेटावरचे लोक असंच करतात. ‘वोरियास’ म्हणजे उत्तरेचा वारा, ‘नोतियास’ म्हणजे दक्षिणेचा. हे दोन शब्द पाठ करून ठेवा आणि राहत्या ठिकाणी रोज न्याहारीच्या वेळी विचारा. उत्तर मिळेल ते नुसतं हवामान नसतं, त्या दिवशी कोणता किनारा तुमचा आहे हे त्यात सांगितलेलं असतं. सोमवारी हे, मंगळवारी ते असा तक्ता घरूनच घेऊन आलेले पर्यटक फेसाळत्या लाटांसमोर उभे राहून निराश होतात, आणि डोंगरापलीकडे 10 किलोमीटरवर समुद्र तळ्यासारखा शांत असतो.

बेटाचा आकार असा की हे शक्य होतं. ग्रीसच्या एजियन समुद्रातल्या सिक्लाडीस द्वीपसमूहाच्या नैर्ऋत्य टोकाला असलेलं मिलोस घोड्याच्या नालेसारखं आहे. क्षेत्रफळ साधारण 160 चौरस किलोमीटर, वस्ती पाचेक हजार, आणि मधे आत शिरलेली मोठी खाडी. ज्या ज्वालामुखीच्या साखळीत सान्तोरिनी आणि निसिरोस येतात, त्याच साखळीतलं हे बेट. सान्तोरिनीत माणूस कड्यावर बसून ज्वालामुखीचं विवर बघतो. मिलोसमध्ये ज्वालामुखीने मागे ठेवलेल्या राखेच्या, गंधकाच्या, काचेच्या दगडांतून तो चालतो, पोहतो, त्यांच्या पोटात शिरतो. दोन्हींपैकी एकच बेट बघता येणार असेल, तर मी बिनदिक्कत मिलोस निवडा असं सांगेन.

कधी जावं आणि किती दिवस

मे महिन्याचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, तो कधी कधी दिवसच्या दिवस थांबत नाही. गर्दीही तेव्हाच उसळते, विशेषतः 15 ऑगस्टच्या मरियमच्या सणाच्या आसपास. मे महिन्यात डोंगर हिरवे आणि फुललेले असतात, पण पाणी गार असतं. सप्टेंबरात उन्हाळाभर तापलेलं पाणी कोमट होतं. पोहायचं असेल तर सप्टेंबर, चालायचं असेल तर मे.

दिवस किमान 4 हवेत, 5 असतील तर उत्तम. पाचवा दिवस चैनीचा समजू नका, तो वाऱ्यासाठी राखून ठेवलेला दिवस आहे. ते पुढे कळेलच.

तयारी

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, आणि किमान 15 दिवस आधी तो जायलाच हवा. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे 2-3 महिने आधी हालचाल करा. प्रवास विम्यात किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. आणखी एक कागद लोक हमखास विसरतात, तो म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. आपल्या आरटीओत मूळ परवाना, पासपोर्ट वगैरे कागद दाखवून तो मिळतो आणि वर्षभर चालतो. तो नसेल तर बेटावर गाडी भाड्याने मिळणं अवघड, आणि मिळालीच तरी अपघात झाल्यावर विमा हात वर करतो.

अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची 3 क्रमांकाची मार्गिका थेट पिरेयस बंदरापर्यंत जाते, साधारण तासाभरात. तिथून मिलोसच्या बोटी सुटतात. वेगवान बोटीला 3 तासांच्या आसपास लागतात, मोठ्या संथ बोटीला 5 ते 7. माझं मत संथ बोटीच्या बाजूने. ती स्वस्त असते, तिच्यावर उघड्या डेकवर उभं राहता येतं, आणि वारा वाढला तर लहान वेगवान बोट आधी रद्द होते. पिरेयस हे बंदर अवाढव्य आहे. तिकिटावरचा दरवाजा क्रमांक आदल्या दिवशीच नकाशावर शोधून ठेवा. अथेन्सहून विमानाने 40 मिनिटांत पोचता येतं, पण विमानं लहान आणि जागा थोड्या.

परतीचा नियम एकच, आणि तो मोडू नका: बेटावरून निघाल्यावर मायदेशीच्या विमानाआधी एक रात्र अथेन्समध्ये काढायची. वारा फार वाढला की बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात. त्या बंदीला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. ती लागली की पैसे मोजूनही कुणी तुम्हाला नेत नाही.

मुक्कामाला अदामास सोयीचं. बोटी तिथेच लागतात, बस तिथूनच सुटतात, समुद्रसफरीच्या नावाही तिथेच. शांतता हवी असेल तर ईशान्येचं पोलोनिया, आणि संध्याकाळचा उजेड हवा असेल तर डोंगरावरचं प्लाका. उन्हाळ्यात साराकीनिको, पोलोनिया, पालिओखोरी आणि प्लाकाला बस जातात, त्यामुळे गाडीशिवायही बरंच जमतं. दक्षिणेचे किनारे मनासारखे हिंडायचे तर 2 दिवस छोटी गाडी घ्या. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं आहे. चार चाकांच्या उघड्या मोटरसायकली दिसायला मोहक, पण रेतीच्या वळणांवर घसरतात आणि ऊन थेट डोक्यावर घेतात. करार सही करण्याआधी वाचा. बहुतेक ठिकाणी बेटाच्या पश्चिम भागातल्या कच्च्या रस्त्यांवर गाडी न्यायला मनाई असते, आणि तिथे काही झालं तर सगळा खर्च तुमचा.

वारा पडला की पहिल्यांदा बोट

पोचल्यावर सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे पुढच्या चार-पाच दिवसांचा वाऱ्याचा अंदाज बघणं आणि त्यातला सर्वांत शांत दिवस क्लेफ्तिकोच्या सफरीला देणं. इथे वाऱ्याचा जोर ‘बोफोर’मध्ये सांगतात. 3-4 बोफोरला सफर सुखाची होते, 6 झाले की पोट ढवळतं किंवा सफरच रद्द होते. म्हणून ही सफर शेवटच्या दिवसावर ढकलू नका. रद्द झाली तर दुसरा दिवस मिळाला पाहिजे, तो पाचवा दिवस यासाठीच.

क्लेफ्तिस म्हणजे चोर. नैर्ऋत्य टोकाच्या या पांढऱ्या कड्यांमध्ये चाचे गलबतं लपवत, त्यावरून हे नाव पडलं. पाण्यातून सरळ वर आलेले चुन्यासारखे पांढरे सुळके, त्यांच्या पायथ्याशी कमानी आणि गुहा, आणि खालचं पाणी इतकं स्वच्छ की होडीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसते. अदामासहून दिवसभराच्या बोटी जातात. वाटेत सिकियाची गुहा लागते. तिचं छत कोसळलेलं आहे, त्यामुळे वरच्या भोकातून ऊन सरळ आतल्या हिरव्या पाण्यात उतरतं. बोट निवडताना जेवण काय, यापेक्षा माणसं किती, हे विचारा. लहान बोट गुहेत शिरते, मोठी बाहेर थांबते. पोहता येत नसेल तर तसं आधी सांगा. तरंगतं जाकीट घालून पाण्यात उतरता येतं आणि बोटीवरची माणसं लक्ष ठेवतात. जमिनीवरून चालत जायची वाटही आहे, पण ती कच्च्या रस्त्याच्या टोकापासून सुरू होते, सावली अजिबात नाही, आणि पश्चिमेचा हा भाग मिलोसच्या विषारी सापाचा आहे. हा साप मिलोस आणि आसपासची मोजकी बेटं सोडून जगात कुठेच नाही. त्याला माणसापासून जितका धोका आहे तितका माणसाला त्याच्यापासून नाही. संध्याकाळनंतर पश्चिमेच्या रस्त्यांवर गाडी हळू चालवण्याचं तेही एक कारण, कारण तो रात्री रस्ता ओलांडतो.

साराकीनिको: पहाटे जा, परत रात्री जा

दक्षिणेचा वारा असेल किंवा वारा नसेलच, तर उत्तर किनारा धरायचा. साराकीनिको हे मिलोसचं सगळ्यात जास्त फोटो काढलं गेलेलं ठिकाण, आणि तरीही प्रत्यक्षात फोटोपेक्षा मोठं. झाड नाही, गवताचं पातं नाही. नुसता पांढरा खडक, लाटा आणि वाऱ्याने तासून गोलसर केलेला, साईच्या थरांसारखा एकावर एक. ज्वालामुखीची राख आणि प्युमिस, म्हणजे हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड, समुद्रतळावर साचून हा खडक झाला आणि पुढे पाण्याबाहेर आला. आपल्याकडे सह्याद्रीचा काळा कातळ बघून वाढलेल्या डोळ्यांना हा दगड आधी खरा वाटत नाही. हात लावून बघा. तो भुसभुशीत आहे, आणि म्हणूनच त्यावर नाव कोरणं हा गुन्हा समजावा. इथली प्रत्येक रेघ वर्षानुवर्षं राहते.

सकाळी सूर्य उगवताना पोचायचं. 10 नंतर बस येतात आणि पांढऱ्या खडकावरून ऊन परत उसळून डोळ्यांत जातं, तेव्हा गडद चष्मा नसेल तर डोकं धरतं. गाडीतळापासून थोडंच चालायचं. मधल्या अरुंद घळीत चिमुकली वाळूची पुळण आहे, पोहायला तीच सुरक्षित. तरुण मुलं कड्यांवरून उड्या मारतात. खालची खोली माहीत नसताना त्यांचं बघून उडी मारू नका. घळीच्या बाजूला खडकात खणलेले जुन्या खाणीचे बोगदे दिसतात, आणि पूर्वेकडे थोडं चालत गेलं की पाण्यात एका बुडालेल्या जहाजाचा गंजका सांगाडा. वारा उत्तरेचा असेल तर खडकाच्या कडेपासून लांब राहा, लाट अचानक वर येते.

पौर्णिमेच्या आसपास बेटावर असाल तर रात्री परत या. टॉर्च फक्त गाडीतळापासून उतरण्यापुरती लागते. नंतर ती विझवा आणि बसा.

याच किनाऱ्यावर पश्चिमेला मान्द्राकिया आणि फिरोपोतामोस ही कोळ्यांची दोन चिमुकली बंदरं आहेत. साराकीनिकोनंतर दुपारच्या जेवणाला मान्द्राकिया आणि संध्याकाळी पोहायला फिरोपोतामोस, असा दिवस छान जातो.

वोरियास सुटला की दक्षिण

उत्तरेचा वारा हा मिलोसवरचा नेहमीचा वारा, त्यामुळे बहुतेक दिवस दक्षिणेकडेच जातील. फिरीप्लाका हा मोठा, वाळूचा किनारा. मागचा कडा तांबडा, पिवळा, राखाडी, गुलाबी अशा पट्ट्यांचा. लहान मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर हाच निवडा. कड्याच्या अगदी पायथ्याशी मात्र चटई टाकू नका, दगड सुटतात.

शेजारचा त्सिग्रादो सुंदर आहे, पण तिथे उतरायला खडकाच्या फटीतून दोर धरून आणि लाकडी शिडीवरून जावं लागतं. वर धोक्याची पाटी आहे. ती पाटी खरी आहे. गुडघे दुखत असतील, पायात चपला असतील, पाठीवर जड पिशवी असेल, तर वरून बघून परत फिरा. फिरीप्लाकाहून छोट्या होडीने किंवा कयाकने तिथे जाता येतं.

पालिओखोरीला ज्वालामुखी अजून पूर्ण निजलेला नाही हे पायाला कळतं. वाळू काही ठिकाणी खालून गरम असते, आणि उथळ पाण्यात तळातून बुडबुडे वर येताना दिसतात. तिथे किनाऱ्यावर गरम वाळूत भांडं पुरून जेवण शिजवतात. गंधकाचा वास येतो, त्याची सवय होते.

प्लाका, त्रिपिती, क्लीमा: कोणत्याही वाऱ्याचा दिवस

हा दिवस मी कुणालाही वगळू देणार नाही. सगळं एकाच उतारावर आहे आणि चालत होतं.

सकाळी प्लाकाच्या पुरातत्त्व संग्रहालयापासून सुरुवात करा. दारातच ‘व्हीनस दे मिलो’ या प्रसिद्ध प्राचीन मूर्तीची प्रतिकृती उभी आहे. मूळ मूर्ती 1820 मध्ये इथल्याच योर्गोस केन्द्रोतास नावाच्या शेतकऱ्याला सापडली. फ्रेंचांनी ती विकत घेतली, आणि 1821 पासून ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. बेटाला उरला प्लास्टरचा पुतळा. तो बघून मग खाली चालत गेलं की ती जिथे सापडली त्या जागेची पाटी लागते. ऑलिव्हची झाडं, दगडी बांध, बाकी काही नाही. पण संग्रहालयातून इथे चालत आल्यावर ती रिकामी जागाच लक्षात राहते.

पाटीपुढे प्राचीन नाट्यगृह आहे. संगमरवरी पायऱ्या, आणि मंचामागे सबंध खाडी. या उतारावर प्राचीन मेलोस नगर होतं. इ.स.पू. 416 मध्ये अथेन्सने शरण या म्हणून निरोप पाठवला, मेलोसने आम्ही तटस्थ आहोत असं उत्तर दिलं. वेढा पडला, नगर पडल्यावर पुरुषांची कत्तल झाली आणि बायकामुलांना गुलाम केलं गेलं. त्या वाटाघाटी प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवल्या आहेत, आणि बलवानांपुढे न्यायाचं काय होतं याची चर्चा निघाली की आजही त्यांचा दाखला देतात. हे माहीत असेल तर त्या पायऱ्यांवर बसून खालचा निळा समुद्र वेगळा दिसतो.

जवळच भूमिगत दफनगुहा आहेत, 1844 मध्ये उजेडात आलेल्या. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी मऊ ज्वालामुखी दगडात बोगदे खणले आणि भिंतींत कमानीदार कोनाडे करून मृतांना ठेवलं. थोडाच भाग खुला आहे आणि लहान गटांनीच आत सोडतात, त्यामुळे उघडण्याच्या वेळेला पोचा. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी चौकशी करा. त्रिपिती या गावाच्या नावाचाच अर्थ भोकं पडलेलं.

तिथून पायवाट उतरत क्लीमाला जाते. पाण्याला चिकटून एका ओळीत घरं. खाली होडी ठेवायची कोठी, वर राहायची खोली, आणि दारं लाल, निळी, हिरवी, पिवळी. या कोठ्यांना ‘सिर्माता’ म्हणतात, होडी ओढून आत घ्यायची जागा म्हणून. हिवाळ्यातल्या वादळापासून होडी वाचवायची सोय आहे ती. रंगीत दारांसमोर फोटो काढताना इतकं लक्षात ठेवा की आत कुणीतरी जेवतंय किंवा झोपलंय. उंबऱ्यावर बसू नका, खिडकीतून डोकावू नका. परतीचा चढ दमवणारा आहे, पाणी जवळ ठेवा. सूर्यास्ताला प्लाकाच्या माथ्यावरच्या कास्त्रोवर, म्हणजे जुन्या किल्ल्यावर चढा, निदान पाऊण तास आधी.

दगड समजून घ्यायचे असतील तर

अदामासमधलं खाण संग्रहालय लहान आहे, तासाभरात होतं, आणि लोक ते उगाच टाळतात. मिलोस हजारो वर्षं दगडांवर जगलं. इथला ओब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या थरांत सापडला. धातू यायच्या कितीतरी आधी माणसं पाती करण्यासाठी समुद्र ओलांडून इथे येत होती. ज्या जागी तो मिळतो तिचं नाव निखिया, म्हणजे नखं. तिथले तुकडे उचलून आणू नका, ते पुरातत्त्वीय अवशेष आहेत.

आज बेटावर बेंटोनाइट ही चिकणमाती आणि परलाइट निघतं. कुंडीच्या मातीत आपण जे हलकं पांढरं परलाइट मिसळतो ना, तीच वस्तू. मूळचा तो काचेसारखा दगड. तापवला की आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि तो लाह्यांसारखा फुलतो. हे बघून बाहेर आलात की रस्त्याकडेचे कापलेले डोंगर वाचता येऊ लागतात. पूर्व किनाऱ्यावर गंधकाच्या खाणीची ओस पडलेली इमारत आणि यंत्रं समुद्रकाठी गंजत उभी आहेत. जायचा रस्ता कच्चा, गाडीच्या करारात बसत नसेल तर बोटीतून बघा.

पोलोनिया आणि पलीकडे कीमोलोस

पोलोनियाच्या वाटेवर फिलाकोपीचे अवशेष आहेत, कांस्ययुगातलं नगर. बघायला भिंतींचे पायेच उरलेत. उडत्या माशांचं तिथलं भित्तिचित्र अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. शेजारची पापाफ्रागासची घळ वरूनच बघावी, कडे ठिसूळ आहेत. समुद्रात ग्लारोनिसिया नावाची काळ्या खडकाची बेटं आहेत, पेन्सिली उभ्या रचाव्यात तशा षट्कोनी खांबांची. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल त्याला ती लगेच ओळखू येतात. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि असे खांब पडतात, तिथेही आणि इथेही.

पोलोनियाहून अर्ध्या तासात बोट कीमोलोसला नेते. ग्रीक भाषेत खडूला ‘किमोलिया’ म्हणतात, तो शब्द या बेटावरून आला. वरच्या गावात गल्ल्या हिंडा, चालायची आवड असेल तर स्कियादी हा अळंबीच्या आकाराचा दगड बघून या, आणि परतीच्या बोटीची शेवटची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

शाकाहारी माणसाने काय करावं

उपाशी राहायची वेळ येत नाही. लादेनिया ही टोमॅटो-कांदा घातलेली जाड भाकरीसारखी रोटी, पिताराकिया ही चीज भरून तळलेली करंजी, वाटाण्याच्या डाळीसारखी पिवळी फावा, आणि कलिंगडाचा गोड केक ‘कार्पुझोपिता’. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचं असं सांगितलं की मांस, अंडं, दूध, चीज वगळतात. पण ग्रीक उपवासाला कोळंबी आणि माकूल चालतात, तेव्हा तेही नको हे वेगळं सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो, आणि ‘ओही’ म्हणजे नाही. “यात मांस आहे का?” यावर ‘ने’ ऐकून मराठी माणूस निर्धास्तपणे खायला लागतो. ‘खोरीस क्रेआस’, मांसाशिवाय, एवढं म्हणून मागवा.

नळाचं पाणी पिऊ नका. शौचालयात कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो, जुन्या नळ्या अरुंद आहेत. दुपारी 2 ते 5-6 बरीच दुकानं बंद असतात.

निघताना बोट खाडीतून बाहेर पडू लागली की आधी डेकच्या उजव्या बाजूला उभे राहा. क्लीमाची रंगीत दारं पाण्यालगत एका ओळीत दिसतील, आणि त्यांच्या वर डोंगरमाथ्यावर प्लाका. मग पुढे बघत राहा. खाडीच्या तोंडाशी अर्कूदेस नावाचे खडक आहेत, अर्कूदेस म्हणजे अस्वलं. त्यातलं एक मागच्या पायांवर बसून समुद्राकडे तोंड करून आहे.